स्विफ्टचा एअर फिल्टरचा डबा बदलावा का? (पसरणी घाटात दम लागतोय)

घाटमाथा · शनिवार, सकाळी ७:४०

मंडळी, सल्ला हवाय. गाडी २०१३ ची स्विफ्ट पेट्रोल, १.२ लिटर, व्हीएक्सआय. पहिल्यापासून माझ्याच हातात, १ लाख १२ हजार किमी झालेत. राहतो वाईत, नोकरी पाचगणीत. म्हणजे पसरणी घाट रोजचाच.

एकटा असलो तर काही तक्रार नाही. पण रविवारी घरचे पाच जण, एसी चालू आणि पुढ्यात लालपरी आली की ओव्हरटेकची हिंमत होत नाही. तिसऱ्यावर गाडी मरते, दुसऱ्यावर नुसतीच ओरडते. पूर्वी असं होत नव्हतं असं मला वाटतं. बायकोला तसं वाटत नाही, ती म्हणते पूर्वी पोरं लहान होती.

गेल्या आठवड्यात पुण्यात एका ॲक्सेसरीवाल्याकडे गेलो होतो. त्याने बोनेट उघडलं, फिल्टरच्या काळ्या डब्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "साहेब, कंपनीने गाडीचं नाक दाबून ठेवलंय." मग तीन पर्याय सांगितले. डबा तोच ठेवून आत धुता येणारा कापडी फिल्टर: साडेपाच हजार. डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर आणि ॲल्युमिनियमचा पाईप: चौदा हजार. आणि बंद कार्बन डबा, मोठ्या तोंडाचा, ऑर्डर देऊन मागवायचा: बत्तीस हजार. शेवटच्यात म्हणे "आठ-दहा हॉर्सपॉवर कुठे गेली नाही."

बत्तीस हजार म्हटल्यावर घरात गीझरचा विषय निघालाय. खरंच फरक पडतो का? कुणी केलंय का?

टर्बोतात्या · सकाळी ७:५८

जागा धरून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

बारानंबरी_पाना · सकाळी ८:२५

तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. भाऊ, एक विचारतो. तो डबा शेवटचा कधी उघडला होता? तुम्ही स्वतः, हाताने?

सर्व्हिसिंगच्या बिलावर "एअर फिल्टर क्लीन" लिहिलेलं असतं, ते सोडा. क्लिपा काढा, झाकण उचला, फिल्टर उन्हाला धरा. पलीकडचा उजेड दिसतो का बघा. घड्यांमध्ये पिंपळाची पानं, माश्या, काय काय निघतं. एका गिऱ्हाइकाच्या डब्यातून उंदराने साठवलेले अर्धा किलो शेंगदाणे काढलेत मी. फोलपटं नव्हेत, अख्खे शेंगदाणे. त्या गाडीलाही "पिकअप नाही" अशीच तक्रार होती.

आणि पंक्चरवाल्याकडे जाऊन फिल्टरवर हवा मारून घेऊ नका. जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. नवा कागदी फिल्टर दोन-तीनशे रुपयांत येतो. आधी तो टाका, मग बाकीचं बोलू.

वेगवान_वामन · सकाळी ९:१०

मी केलंय, त्यामुळे अनुभवाने सांगतो. पोलो जीटी टीएसआय, १.२ टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा). आधी रिमॅप, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घेतली, मग उघडा फिल्टर. पहिल्या दिवशी हायवेवर ॲक्सिलरेटर दाबला आणि टर्बोचा तो श्वास ऐकला, तेव्हा जे वाटलं ते कुठल्या हिशेबात बसत नाही. पैसा वसूल. ज्यांनी केलेलं नाही तेच लोक "काही फरक पडत नाही" म्हणतात.

हिशेबनीस · सकाळी १०:०२

वामनराव, आवाज आला हे मान्य. ताकद आली का, हा वेगळा प्रश्न. दोन्हींची गल्लत होते म्हणूनच हा धंदा चालतो.

थोडं गणित करू. घाटमाथा यांचं इंजिन ११९७ सीसी. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा १.२ लिटर, म्हणजे सुमारे ३६०० लिटर हवा. गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांपुढे आणा, तशा साडेतीन टाक्या दर मिनिटाला. प्रत्यक्षात जरा कमीच भरतं, पण अंदाज आला. ही सगळी हवा डब्याच्या तोंडातून, फिल्टरमधून, पाईपमधून जाते. वाटेत अडथळा झाला की दाब घटतो, आणि जितका दाब घटला तितकी हवा कमी, तितकी ताकद कमी.

म्हणजे "नाक किती दाबलंय" हे मोजता येतं. हवेचा दाब म्हणजे साधारण १०३३ सेंमी उंच पाण्याचा खांब. डब्यानंतरच्या पाईपमध्ये दाब समजा २५ सेंमी पाण्याइतका घटला, तर ते झाले अडीच टक्के. डबा, फिल्टर, पाईप सगळं हवेत विरून गेलं तरी तेवढेच परत मिळणार. ८५ हॉर्सपॉवरचे अडीच टक्के म्हणजे दोन. आठ-दहा कुठून आणणार? ते दाबातच नाहीत.

उघड्या शंकूचं तर आणखी एक. तो बोनेटखालची गरम हवा पितो. बाहेर ३५ अंश आणि आत ५५ असेल, तर हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ होते. दोन टक्के कमवायला जाऊन सहा घालवायचे.

वेगवान_वामन · सकाळी १०:३१

गाडी पळायला लागली की बोनेटखालची गरम हवा निघून जाते. ५५ अंश हे सिग्नलला उभ्या गाडीचं झालं.

हिशेबनीस · सकाळी १०:४४

बरोबर, मोकळ्या रस्त्यावर निघून जाते. पण धागाकर्ते पसरणीत एसटीच्या मागे ताशी पंचवीसने दुसऱ्या गिअरवर चढतायत. ते सिग्नलपेक्षा वाईट: वारा नाही आणि इंजिन मात्र पूर्ण जोरात.

रेणुका_केपी · सकाळी ११:१५

पावसाचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. माझ्या भावाने जुन्या हॅचबॅकला "थंड हवेचा" पाईप बसवून घेतला होता. गरम हवेचं दुखणं टाळायला फिल्टर खाली, बंपरच्या आत, फॉगलॅम्पच्या मागे. दिसायला देखणा. जुलैत कोल्हापुरात एका रस्त्यावर गुडघाभरही नाही, पोटरीभर पाणी होतं. शेजारून रिक्षा गेली. आमची गाडी मध्येच "टक्" झाली आणि बंद.

त्याने पुन्हा स्टार्टर मारला. तिथेच सगळं संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, वर पाणी, कनेक्टिंग रॉड वाकला. बोनेट उघडलं तेव्हा फिल्टरमधून पाणी निथळत होतं, धुतलेल्या पायपुसण्यासारखं.

विमावाल्यांनी दोन प्रश्न विचारले. इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर आहे का? नव्हतं. पाईप बदललेला कळवला होता का? नव्हता. इंजिनाचा पूर्ण खर्च घरातून गेला. कंपनीने डब्याचं तोंड वर, ग्रिलच्या मागे ठेवलेलं असतं ते उगाच नाही.

टर्बोतात्या · सकाळी ११:२०

बाकी पाणी दिसलं की भावाला आता उतरून चालत पुढे पाठवत असाल.

रेणुका_केपी · सकाळी ११:२६

हो, आणि पँट वर खोचून.

ऊसवाला_माळशिरस · दुपारी १:०५

आमच्या जुन्या ट्रॅक्टरला कागदाचा फिल्टरच नव्हता. खाली तेलाची वाटी. हवा वरून येते, तेलावर आपटून वळते, जड धूळ तेलात अडकते, उरलेली वरच्या जाळीत. वाटीतला गाळ काढायचा, तेल बदलायचं, झालं. वडील सीझनला दर दोन दिवसांनी बघायचे. ऊसतोडीत फडातल्या रस्त्यावर धुरळा इतका की पुढची ट्रॉली दिसत नाही. एकदा गड्याने वाटी घट्ट बसवली नाही. हंगाम संपायच्या आत इंजिन निळा धूर टाकायला लागलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या. वडील म्हणाले, "इंजिन डिझेलवर चालतं आणि धुळीने मरतं."

तेव्हा तुमचे ते धुता येणारे फिल्टर हवा जास्त सोडतात म्हणता, तर धूळपण जास्त सोडत असतील की. चाळणीची भोकं मोठी केली तर पिठाबरोबर कोंडा येणारच.

बारानंबरी_पाना · दुपारी १:३०

लाख बोललात ऊसवाले. कापडी फिल्टरला तेल लावायचं असतं, ते मापात लावावं लागतं. कमी लावलं तर धूळ आत. जास्त लावलं तर ते उडून हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरच्या तारेवर बसतं, ज्या गाड्यांना तो असतो त्यांच्या. मग गाडी भकभक करते आणि लोक सेन्सर बदलतात. मुंबईतल्या धुतल्या रस्त्यावर हौस म्हणून चालेल. वाई-पाचगणीच्या लाल मातीत मी तरी टाकणार नाही.

हिशेबनीस · दुपारी १:५२

भर घालतो. एअर फिल्टर तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ५०११. ठरावीक धूळ ठरावीक वेगाने सोडायची आणि किती अडकली, किती पलीकडे गेली ते वजन करून बघायचं. पाकिटावर "जास्त हवा" मोठ्या अक्षरांत असतं, या चाचणीचा आकडा छापलाय का तो शोधा. आणखी एक गंमत: कागदी फिल्टर थोडा मळला की धूळ आधीपेक्षा चांगली पकडतो, कारण साठलेला थरच चाळणीचं काम करतो. म्हणून दर महिन्याला झटकत बसणंही बरोबर नाही.

आळंदीचा_अभ्या · दुपारी २:१५

पण ॲव्हरेज तरी वाढेल ना? मोकळा श्वास म्हणजे कमी पेट्रोल?

हिशेबनीस · दुपारी २:३८

नाही वाढणार. पेट्रोल गाडीत आपण ॲक्सिलरेटरने मुळात हवाच अडवत असतो. थ्रॉटलची झडप अर्धी बंद ठेवून चालवायची आणि फिल्टरचा अडथळा कमी केला म्हणून हरखायचं, म्हणजे नळ अर्धा बंद ठेवून मागचा पाईप मोठा करण्यातला प्रकार. हवा किती आली ते सेन्सर मोजतात आणि कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो. अमेरिकेत ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर तुंबवून गाड्या तपासल्या होत्या. आताच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पिकअप मात्र घटला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ॲव्हरेजही पडलं. आपल्याकडची "फिल्टर साफ तर ॲव्हरेज बेस्ट" ही समजूत त्या काळातली आहे. तेव्हा ती खरी होती.

सॅनहोजेकर · दुपारी ३:२०

इकडचं सांगतो. कॅलिफोर्नियात असा डबा बदलायचा तर त्याला कार्बची मंजुरी लागते. कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर नव्हे, हवेच्या प्रदूषणाचं सरकारी बोर्ड आहे. मंजुरीच्या नंबरचं स्टिकर बोनेटखाली चिकटवायचं. स्मॉग तपासणीला तो माणूस आधी डोळ्यांनीच बघतो. स्टिकर नसेल तर धूर स्वच्छ असला तरी नापास. माझ्या रूममेटने तपासणीच्या आदल्या रात्री पार्किंगमध्ये टॉर्च लावून जुना डबा परत बसवला होता. एक क्लिप खाली पडून गटारात गेली, ती सकाळी केसांच्या रबराने बांधली. पास झाला!

आपल्याकडे काय नियम आहे?

वकील_बाई · दुपारी ४:०५

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवरच्या नोंदींपेक्षा, म्हणजे उत्पादकाने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे कलम कडक अर्थानेच लावलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आता फिल्टरचा डबा हा आरसीवरचा तपशील आहे का, यावर कोर्टात वाद घालता येईल. रस्त्यावर हवालदाराशी नाही. कापडी फिल्टर डब्याच्या आतच असतो, त्याला कुणी विचारत नाही. उघडा शंकू मात्र आवाजावरून ओळखू येतो.

वेगवान_वामन · दुपारी ४:४०

झालं! आता फिल्टर बदलल्याबद्दल येरवडा. काय लोक आहात राव. गाडी ही हौसेची गोष्ट आहे. उद्या म्हणाल, पैठणी कशाला, सुती साडीनेही अंग झाकतं.

वकील_बाई · दुपारी ४:५२

पैठणी नेसल्यावर दहा हॉर्सपॉवर वाढेल असं दुकानदार सांगत नाही हो.

कोथरूड_डेपो · संध्याकाळी ५:३०

ज्याला तुम्ही "नाक दाबणं" म्हणताय त्या डब्यात आवाज मारायची सोयही असते. मोठ्या पाईपला चिकटलेला एक बंद, रिकामा फुगवटा दिसेल. आत काही नाही, बाहेर जायला वाट नाही. लोकांना वाटतं उगाच ठेवलाय. तो रेझोनेटर. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक सूर निघतो ना, तेच तत्त्व उलटं वापरलेलं: इंजिनाच्या श्वासातला तो ठरावीक सूर हा फुगवटा गिळतो. डबा काढला की तो आवाज मोकळा होतो आणि आपल्याला वाटतं गाडी जोरात निघाली. मी पंधरा वर्षं गाड्यांच्या आवाजावर काम केलंय. आवाज तीक्ष्ण झाला की चालवणाऱ्याला गाडी वेगवान वाटते, हे आम्हीच वापरायचो.

घाटमाथा · रविवार, रात्री ९:१०

एवढे प्रतिसाद बघून भरून आलं. हिशेबनीस, "मोजता येतं" म्हणालात ते डोक्यात बसलं. कसं मोजायचं? डायनोवाल्याकडे (मशीनवर गाडीची ताकद मोजणारा) जायला परवडणार नाही.

हिशेबनीस · रात्री ९:४५

गवंड्याकडची लेव्हलची नळी घ्या. पारदर्शक, चार-पाच मीटर. तुमच्या गाडीत फिल्टरच्या पुढच्या पाईपला टॅपेट कव्हरवरून (इंजिनाचं वरचं झाकण) ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणारी, बारीक नळी आलेली असेल. ती तात्पुरती काढा, कव्हरचं तोंड चिंधीने बंद करा आणि त्या जागी लेव्हलची नळी घट्ट बसवा. दुसरं टोक खिडकीतून आत. आत एका फळीवर नळी इंग्रजी यू सारखी बांधा, प्रत्येक पाय मीटरभर उंच, निम्मं रंगीत पाणी. सांधे ओले करून तपासा. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर, साडेपाच-सहा हजार आरपीएमपर्यंत. शेजारच्याने दोन पायांतल्या पाण्याचा फरक बघायचा. चालवणाऱ्याने अजिबात बघायचं नाही. मोजून झालं की ब्रीदर परत लावायला विसरू नका.

वीस ते तीस सेंमी येईल असा माझा अंदाज.

टर्बोतात्या · रात्री ९:५०

धागा यशस्वी. लोक आता सलाईन लावून गाडी चालवणार.

घाटमाथा · पुढचा शनिवार, दुपारी १२:३०

केलं. शेजारी बंगल्याचं काम चालू आहे, तिथल्या गवंड्याकडून नळी आणली. पाण्यात कुंकू टाकलं. फळी मुलाने मांडीवर धरली, पुतण्याने मोबाइलवर शूटिंग केलं. वाईबाहेर सकाळी सहाला, रस्ता रिकामा. एक दूधवाला थांबून बघत होता, त्याला वाटलं पेशंट आहे.

आकडा आला फक्त ८ सेंमी! तीनदा केलं: ८, ८, ९. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. माझं डबडं तर एकदम मोकळं निघालं. बत्तीस हजार वाचले, गीझर बुक करतोय.

हिशेबनीस · दुपारी १:०५

थांबा. ८ फारच कमी आहे. एवढ्या छोट्या डब्यात, १ लाख १२ हजार किमीच्या गाडीत ८? हवा दुसरीकडून कुठून तरी आत येतेय, म्हणून आकडा पडलाय. किंवा नळीचा सांधा हवा खातोय.

बारानंबरी_पाना · दुपारी १:१२

डबा उघडा. फिल्टर काढा. फिल्टरच्या *पुढच्या*, म्हणजे स्वच्छ बाजूच्या भिंतीवरून बोट फिरवा आणि सांगा.

घाटमाथा · दुपारी २:४०

पाना काका, बोट लाल झालं.

झाकणाच्या एका कोपऱ्यातली क्लिप नुसती टेकलेली होती, तिचा आकडा तुटलाय. त्या कोपऱ्यात फिल्टरची रबरी कड आत दुमडून बसली होती. झाकणाखाली बाहेरूनच करंगळी जाईल एवढी फट. तिथून पुढे पाईपच्या आत लाल मातीचा पट्टा, थेट थ्रॉटलपर्यंत, कुणी ब्रशने ओढावा तसा. शेवटची सर्व्हिस आठ महिन्यांपूर्वी झाली. तेव्हापासून गाडी फिल्टरविना घाट चढतेय असं धरायचं का? पोटात गोळा आलाय.

ऊसवाला_माळशिरस · दुपारी २:५५

तेलाच्या वाटीची आठवण झाली. तेल पितेय का गाडी? मागून निळा धूर?

घाटमाथा · दुपारी ३:०२

तेल पातळी ठीक आहे, धूर नाही.

बारानंबरी_पाना · दुपारी ३:२०

मग वाचलात. पाईप काढून पुसा, आत फुंकर मारू नका, धूळ पुढे जाईल. थ्रॉटल साफ करून घ्या. नवा कागदी फिल्टर टाका. क्लिप सुटी मिळाली तर ठीक, नाही तर जुन्या बाजारात अख्खं झाकण मिळतं. बसवताना कड चारही बाजूंनी बोटाने चाचपून मगच क्लिपा दाबा. आणि तेल लगेच बदला. आता कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट बनतो का तेही, एकदा बघून घ्या, चारही सिलिंडरचं.

घाटमाथा · रविवार, संध्याकाळी ६:१५

सगळं केलं. नवा फिल्टर २८० रुपये, झाकण जुन्या बाजारात ४५०. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना जवळपास सारखं, मेकॅनिक म्हणाला इंजिन तब्येतीत आहे. पुन्हा नळी लावली. नव्या फिल्टरसकट २३ सेंमी. फक्त मोजण्यापुरता, एकाच फेरीसाठी, फिल्टर काढून बघितलं तर १८. म्हणजे फिल्टरचे स्वतःचे फक्त पाच.

हिशेबनीस · संध्याकाळी ६:४०

फार सुंदर. म्हणजे साडेपाच हजारांच्या कापडी फिल्टरने, तो अगदी शून्य अडथळ्याचा असता तरी, जास्तीत जास्त ५ सेंमी वाचले असते. अर्धा टक्का, अर्धा हॉर्सपॉवर. बत्तीस हजारांच्या डब्याला २३ पैकी समजा निम्मे वाचवता आले, तर एक हॉर्सपॉवर.

कोथरूड_डेपो · संध्याकाळी ६:५८

किरकोळ दुरुस्ती: १०३३ सेंमी हा समुद्रसपाटीचा आकडा. वाई सातशे मीटरवर आहे, तिथे साधारण ९५०. म्हणून २३ म्हणजे २.४ टक्के.

हिशेबनीस · संध्याकाळी ७:०५

मान्य, कान पकडले. आणि त्यातच मोठं उत्तर दडलंय. वाईपासून पाचगणीपर्यंत सहाशे मीटर चढताना हवाच सहा-सात टक्के विरळ होते. समुद्रसपाटीच्या मानाने पाचगणीत चौदा टक्क्यांच्या आसपास कमी. हे कुठल्याही डब्याने परत येत नाही, त्याला टर्बो लागतो. वामनरावांच्या पोलोला घाट जाणवत नाही तो टर्बोमुळे, शंकूमुळे नाही.

वेगवान_वामन · संध्याकाळी ७:३०

बरं बाबा. रिमॅप केलेल्या टर्बोला जास्त हवा लागते, तिथे डबा आड येऊ शकतो, एवढं तरी म्हणू द्या.

हिशेबनीस · संध्याकाळी ७:३४

म्हणू देतो. तिथे तुमचं बरोबर आहे.

आळंदीचा_अभ्या · संध्याकाळी ७:५०

पण मूळ प्रश्न राहिलाच की. घाटमाथा, पिकअप सुधारला का?

घाटमाथा · रात्री ८:२०

खरं सांगू? नाही. आज पाच जण घेऊन चढलो, तसंच. एसी बंद केला की फरक कळतो, पण मग सासूबाई बोलतात.

रेणुका_केपी · रात्री ८:३५

टायर कुठले आहेत? "पूर्वी असं नव्हतं" म्हणालात ना. पूर्वी आणि आता यात काय बदललं?

घाटमाथा · रात्री ८:४१

टायर गेल्या दिवाळीत बदलले. अलॉय घेतले, १५ इंची, १९५/६५. आधी कंपनीचे १४ इंची होते, १६५/८०. दिसायला भारी दिसतात.

कोथरूड_डेपो · रात्री ९:००

१६५/८० आर १४ चा व्यास ६१९.६ मिमी. १९५/६५ आर १५ चा ६३४.५. किती टक्के मोठा ते कुणी काढणार, की मीच काढू?

वकील_बाई · रात्री ९:०४

२.४.

टर्बोतात्या · रात्री ९:०५

🙏🙏🙏

हिशेबनीस · रात्री ९:२०

म्हणजे अख्खा डबा हवेत विरला असता तर जेवढं मिळालं असतं, तेवढं दिवाळीत टायरने आधीच नेलंय. चाक मोठं म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब, ओढ तेवढी कमी. वर रुंद टायर आणि अलॉयचं वजन वेगळंच. कंपनीच्याच १५ इंचीला १८५/६५ असतो, त्याचा व्यास ६२१.५, जवळजवळ मूळचाच. पुढच्या वेळी तो घ्या, अलॉय तेच राहतील.

घाटमाथा · रात्री ९:४८

टायर अजून तीस हजार किमी चालतील, आत्ता बदलायचं बोललो तर गीझरसकट मीही बाहेर. तोवर एसटी दिसली की दुसऱ्यावर घेऊन मागेच राहीन, पंधरा मिनिटं उशीर झाला तर कुणी मरत नाही. बाकी क्लचही ओरिजिनल आहे, १ लाख १२ हजारचा. तो सटकतोय का ते घरी कसं बघायचं? नळीशिवाय सांगा, गवंडी आज न्यायला आला होता. कुंकू बघून विचारत होता की वास्तुशांत झाली का.

बारानंबरी_पाना · रात्री १०:०५

क्लचसाठी नवा धागा काढा. हँडब्रेक ओढून करायचं आहे, सविस्तर लिहावं लागेल.